रक्ताचा जमाखर्च

मराठी भाषेने माणसाच्या शरीरातल्या बहुतेक अवयवांचा काही ना काही मान राखला आहे. काळीज तर तिचे फारच लाडके. ते फाटते, तुटते, धडधडते आणि प्रसंगी त्याचे पाणीही होते. आतड्याला तिने माया दिली, पोटाला दुसऱ्याचे अपराध साठवायची जागा दिली, पित्ताला खवळायची मोकळीक दिली. नाकाची प्रतिष्ठा तर एवढी मोठी, की ते कापले गेले तर सबंध घराणे तोंड लपवून बसते! या सगळ्या थाटात एका अवयवाकडे मात्र तिने ढुंकूनही पाहिले नाही. तो म्हणजे मूत्रपिंड. बिचाऱ्याच्या नावातच असे काही आहे, की चार माणसांत त्याचा उच्चार करताना आवाज आपोआप खाली येतो. उत्तरेकडची मंडळी या बाबतीत उदार. ती 'दिल-गुर्दा' असा जोडशब्द वापरतात आणि त्यातल्या गुर्द्याला हिमतीचा मान देतात. आपल्या कवींनी हृदय देण्याघेण्याच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या केल्या. पण दोन जिवंत माणसांत खरोखरीची देवघेव होते ती हृदयाची नव्हे, मूत्रपिंडाची!

मी जन्मभर एका कचेरीत दुसऱ्यांचे हिशेब तपासले. त्यामुळे असेल, पण या उपेक्षित अवयवाविषयी मला अलीकडे व्यवसायबंधूचा जिव्हाळा वाटू लागला आहे. तो मूळचा हिशेबनीसच. एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाकाठी १८० लिटर द्रव गाळून काढतात आणि त्यातला दीड-दोन लिटर टाकून बाकीचा सगळा परत जमेस धरतात. मीठ किती ठेवायचे, पाणी किती सोडायचे, आम्ल किती, पोटॅशियम किती, सगळे पैन्‌पै मोजून. शिवाय नवे रक्त तयार करण्याचा हुकूम अस्थिमज्जेला सोडणारे द्रव्य तेच बनवते. रजा नाही, तक्रार नाही, दिवाळीचा बोनस नाही. असा कारकून ज्या कचेरीला लाभतो, ती कचेरी त्याच्या टेबलाकडे कधी पाहत नाही. तो आजारी पडला, की मग सगळ्यांना त्याचे नाव आठवते.

आमच्या दादाच्या बाबतीत हेच झाले. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. साताऱ्याला शाळामास्तर म्हणून उभा जन्म गेला. रक्तदाब वाढलेला होता. पण तो दुखत नव्हता. आणि आपल्याकडे जे दुखत नाही ते दुखणे नव्हे, असा ठाम समज. चार वर्षांपूर्वी पायावर सूज आली, अन्नावरची वासना गेली, आणि तपासणीत कळले की दोन्ही मूत्रपिंडे केव्हाच राजीनामा देऊन बसली आहेत. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेस चार तास, दादा डायलिसिसच्या खुर्चीत असतो. आठवड्याचे तास १६८. मूत्रपिंडे ते सगळे तास राबतात. यंत्राला मिळतात फक्त बारा. उरलेल्या १५६ तासांचा हिशेब दादाने जिभेवर ताबा ठेवून जुळवायचा!

यंत्राची जन्मकथा मोठी विलक्षण आहे. १९४३ साली, हॉलंड जर्मनांच्या ताब्यात असताना, काम्पेन नावाच्या लहानशा गावी विलेम कोल्फ या तरुण डॉक्टराने ते पहिल्यांदा बनवले. सामान मिळेना, तेव्हा त्याने सॉसेज भरण्यासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी एका लाकडी पिंपाभोवती गुंडाळली आणि मोटारीच्या पंपाचा एक भाग जोडून ते पिंप खाऱ्या पाण्यात फिरवले. नळीतून रोग्याचे रक्त वाहत होते. रक्तातली घाण नळीच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेरच्या पाण्यात उतरत होती. पहिले जवळजवळ सगळे रोगी दगावले. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीतून डोळे उघडून उठली, आणि पुढे सात वर्षे जगली. ती शत्रूला सामील झालेली म्हणून तुरुंगात होती आणि गावाच्या रोषाला पात्र होती. डॉक्टराने ते मनात आणले नाही. पुढे १९६० साली सिॲटलच्या स्क्रिब्नर यांनी हातात कायमची नळी बसवण्याची तोड काढली, आणि तेव्हापासून हा उपचार वर्षानुवर्षे घेता येऊ लागला.

आज पिंप गेले. त्याच्या जागी वीतभर लांबीची एक नळकांडी असते आणि तिच्यात केसासारख्या हजारो पोकळ तंतूंची जुडी. एका बैठकीला सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी तिच्यातून फिरते. दादाच्या डाव्या मनगटापाशी धमनी आणि शीर एकमेकींना शिवलेल्या आहेत. ही युक्ती १९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी जाहीर केली. तिथे बोट ठेवले तर मांजर मांडीवर झोपल्यासारखी घुरघुर लागते. दादाची नातवंडे रोज तिला कान लावतात. ती घुरघुर चालू आहे तोवर आजोबांचे ठीक आहे, एवढे वैद्यक त्यांना पुरेसे वाटते.

घरातले खरे वैद्यक मात्र वहिनींच्या स्वयंपाकघरात चालते. निरोगी माणसाच्या रक्तात पोटॅशियमचा आकडा साडेतीन ते पाचच्या दरम्यान असतो. तो साडेसहाच्या पुढे गेला, की हृदयाचा ठोका चुकण्याची भीती. आणि हे पोटॅशियम असते कुठे? तर आजवर ज्या पदार्थांना आपण पथ्याचे म्हणून डोक्यावर घेतले, त्या सगळ्यांत! केळे, मोसंबी, सुकामेवा, बटाटा. आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक सज्जन हातात शहाळे घेऊन येतो, आणि दादाच्या बाबतीत शहाळ्याइतका गोड शत्रू दुसरा नाही. वहिनी ते हसतमुखाने घेतात आणि पाहुणा जिना उतरला, की शेजारच्या मुलांना वाटून टाकतात. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचे, हा त्यांच्या घरचा नवा कुळाचार. फराळाचे म्हणाल, तर चिवड्याला मीठ बेताचे, त्यात दाणे-काजू नाहीत; आणि पेढे-बर्फीत फॉस्फरस, म्हणजे अंगाला खाज आणि हाडांना झीज. "भावजी, यांच्या फराळाचं ताट म्हणजे विधवेचं कपाळ," असे वहिनी एकदा बोलून गेल्या आणि लगेच जीभ चावून देवघरात गेल्या. ते दुखणे कोणत्याच तपासणीत मोजले जात नाही.

दर महिन्याला रक्ताचा तक्ता येतो. त्याची वही ठेवण्याचे काम माझ्याकडे. तिथेच माझ्या हिशेबी शहाणपणाला पहिला तडा गेला. डायलिसिसच्या आधीचे क्रिएटिनिन सुरुवातीला ९ च्या वर असे. गेल्या वर्षी ते महिन्यामहिन्याने उतरत ७ वर आले. घरात आनंद झाला. वहिनींनी मारुतीला नारळ फोडला. डॉक्टरांचा चेहरा मात्र खुलेना. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही जेवत नाही की काय?" मग उलगडा झाला. क्रिएटिनिन तयार होते स्नायूंतून. यंत्र तेच, वेळ तोच, तरी आकडा घसरतो, याचा अर्थ घाण कमी झाली असा नव्हे. माणूसच कमी झाला! स्नायू झिजले. डायलिसिसवरच्या रोग्यांत असे उलटे हिशेब पुष्कळ. चारचौघांत कोलेस्टेरॉल कमी असणे चांगले. यांच्यात ते फार कमी असले, तर पोषण ढासळल्याची खूण ठरू शकते. जमेच्या रकान्यातली रक्कम घटली म्हणजे कर्ज फिटले असे नसते, हे जन्मभर दुसऱ्यांना शिकवणारा मी, भावाच्या रक्तापाशी ते नव्याने शिकलो. दुसऱ्या दिवसापासून दादाच्या ताटात अंड्याचा पांढरा बलक आला. सोवळ्यातल्या आमच्या आईच्या तसबिरीखाली बसून दादाने तो मुकाट्याने खाल्ला.

अशात धाकट्या पुतणीचे लग्न ठरू घातले. ती पुण्याला जीवरसायनाचा अभ्यास करते. मुलगा चांगला, पत्रिका जुळलेली. फक्त मुलाच्या आईने मध्यस्थांकडून एक निरोप पाठवला : "वडिलांचं दुखणं पुढं उतरतं का, तेवढं कळावं." निरोपात उद्धटपणा नव्हता. तरीही घरावर सावट पसरले. वहिनींचे मत, "सांगावं, काही उतरत नाही म्हणून." दादाचे मत, "जे ठाऊक नाही ते नाकारायचं कसं?" पुतणी म्हणाली, "काका, हा प्रश्न अपमानाचा नाही, अभ्यासाचा आहे. मलाही तो पडतोच की."

मूत्रपिंडाची काही दुखणी खरोखरच उतरतात. एकात मूत्रपिंडभर पाण्याच्या गाठी होत जातात. ते आई किंवा बाप यांच्यापैकी एकाला असले, तर प्रत्येक मुलाला होण्याचा संभव निम्मा. दादाच्या मूत्रपिंडांत तसल्या गाठी नव्हत्या. आफ्रिकेतली कथा आणखी नवलाची. २०१० साली असे आढळले, की पश्चिम आफ्रिकी वंशाच्या पुष्कळ लोकांत एका जनुकाचे दोन निराळे नमुने असतात. त्यांतला एक अंगी असला, तर त्सेत्से माशीमुळे होणाऱ्या निद्रारोगाच्या काही प्रकारांपासून रक्षण मिळते. आई आणि बाप दोघांकडून आला, तर मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका वाढतो. ज्याने आजोबा वाचले, त्यानेच नातू आजारी पडावा! याला वर म्हणायचे की शाप? हा वारसा आपल्याकडे जवळजवळ नाही. पण ही कथा ऐकल्यापासून 'वाईट रक्त' हा शब्द माझ्या तोंडून निघालेला नाही.

पुतणीने आपल्या शिक्षिकेची परवानगी काढून, आणि आम्हा सगळ्यांच्या संमतीने, अभ्यासाचा भाग म्हणून घरच्यांचे रक्त तपासले. तिचा विषय होमोसिस्टीन. आपण डाळ, दूध, अंडी खातो, त्यांतल्या एका द्रव्यापासून शरीरात हे वाटेत तयार होते आणि लगेच परत मूळपदाला नेले जाते. वाट अडली, तर ते रक्तात साठते. १९६९ साली अमेरिकेतल्या किल्मर मॅककली यांनी जन्मतःच हा दोष असलेल्या मुलांच्या धमन्या पाहिल्या. त्या म्हाताऱ्या माणसांच्या धमन्यांसारख्या झाल्या होत्या. तेव्हापासून हे द्रव्य संशयिताच्या पिंजऱ्यात उभे आहे. निरोगी माणसात त्याचा आकडा साधारण पंधराच्या आत असतो. डायलिसिसवरच्या बहुतेक रोग्यांत तो बराच वर जातो. दादाचा निघाला ३८. माझा १३.

ही वाट मोकळी ठेवायला लागते फोलिक आम्ल. आणि त्याचा माग तर आमच्या मुंबईतच लागला! १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टरीण मुंबईला आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायका पंडुरोगाने का मरतात, हे तिला शोधायचे होते. जंतू सापडेना, तेव्हा तिने आपली नजर त्यांच्या ताटाकडे वळवली. शेवटी यीस्टपासून केलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त काळ्या लगद्याने त्या बायकांचे रक्त सुधारले. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केले. त्यात नेमके काय आहे, हे कळायला आणखी दहा वर्षे गेली. १९४१ साली अमेरिकेत चार टन पालकातून चिमूटभर द्रव्य निघाले आणि पानावरून त्याचे नाव पडले. परळच्या गिरणीतल्या त्या अनाम बायकांची आठवण आज कोणी काढत नाही. पण प्रत्येक गरोदर मुलीला डॉक्टर जी पिवळी गोळी लिहून देतात, ती त्यांच्या अशक्त रक्ताची देणगी आहे.

आता जनुकाचा भाग. फोलिक आम्लाला कामाजोगे रूप देणारे एक विकर आहे. त्याचे पूर्ण नाव घ्यायचे, तर मध्ये एकदा श्वास घ्यावा लागतो, म्हणून ते सोडून देतो. त्याच्या जनुकात ६७७ व्या जागी एका अक्षराऐवजी दुसरे आले, की विकर उष्णतेला नाजूक होते आणि काम मंदावते. दोन्ही बाजूंनी तेच अक्षर आले, तर काम जेमतेम तिसऱ्या हिश्शावर येते. १९९५ साली हा फरक ओळखला गेला. पुतणीने निकाल आणला तेव्हा आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. दादाकडे बदललेले अक्षर एकाच बाजूने आलेले. आणि दोन्ही बाजूंनी आलेले ते कुणाकडे? माझ्याकडे! ज्याची मूत्रपिंडे धडधाकट, ज्याचा आकडा १३, त्या माझ्याकडे!

"असं कसं?" वहिनींनी विचारले.

"काकांना पालेभाज्या आवडतात म्हणून," पुतणी हसून म्हणाली. पण ते हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. पोटात फोलिक आम्ल पुरेसे जात असेल, तर हे मंद विकरही बव्हंशी निभावून नेते. ते कमी पडले, की मगच जनुकाचा उणेपणा आकड्यात दिसतो. मी अळू, चाकवत, अंबाडी यांवर पोसलेला माणूस. उलट दादाची भाजी उकळून पाणी टाकलेली. पोटॅशियमबरोबर फोलिक आम्लही मोरीत जाते, आणि उरलेसुरले यंत्र धुऊन नेते. म्हणून त्याला गोळी. शिवाय जनुकाच्या जोडीला बारावे बी जीवनसत्त्व असते. पुण्यात झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे तीनचतुर्थांश लोकांत होमोसिस्टीन जास्त आढळले. मूत्रपिंडांचे रोगी नव्हेत, चांगली चालतीबोलती माणसे. आणि मुख्य कारण या जीवनसत्त्वाची उणीव. तेव्हा आकड्याचा दोष कुळावर टाकण्याआधी ताटात पाहावे, हे बरे.

"मग भरपूर गोळ्या घेऊन हा आकडा खाली आणला, की दादा सुरक्षित?" मी हिशेबनिसाचा प्रश्न विचारला. पुतणी गंभीर झाली. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत हाच प्रयोग झाला. मूत्रपिंडे गेलेले किंवा जाऊ घातलेले २०५६ रोगी. निम्म्यांना जीवनसत्त्वांचा मोठा डोस, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. २००७ साली निकाल आला. आकडा सुमारे चौथ्या हिश्शाने उतरला; पण माणसे काही जास्त जगली नाहीत. खातेवही सुधारली, दुकान होते तसेच राहिले! दादा हे ऐकून प्रसन्न झाला. शाळामास्तरच तो! म्हणाला, "पोराचे गुण वाढवले म्हणजे पोर शहाणं होतं असं नाही, हे मी तीस वर्षं सांगत आलो."

पुढच्या रविवारी पुतणी स्वतः मुलाच्या घरी गेली. बरोबर मी. वहिनींनी निघताना तिच्या हातावर दही घातले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मला कोर्टात साक्षीला निघाल्यासारखे वाटले. मुलीने काही लपवले नाही. बाबांचे दुखणे जन्मखुणेसारखे उतरणारे नाही. मात्र रक्तदाबाचा कल घराण्यात असतो, म्हणून ती दर सहा महिन्यांनी तो मोजून घेते, आणि पुढेही घेणार. एका अक्षराचा फरक तिच्यातही आहे, पण तो वेळच्या वेळी पालेभाजी खाल्ली तर फारसा बोलत नाही. हे सगळे तिने पाढे म्हणावेत तसे सांगितले. क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग मुलाची आई उठली, आत जाऊन चहाचा ट्रे घेऊन आली आणि म्हणाली, "आमच्यात तीन पिढ्यांची साखर आहे. तुम्ही विचारलं नाहीत, आम्ही सांगितलं नाही. आता बरोबरी झाली. चहात साखर किती घालू?"

मला वाटते, कुळाची चौकशी याहून शहाणपणाने कुठे झाली नसेल.

रक्ताच्या नात्याचा एक हिशेब मात्र माझा अजून मिटलेला नाही. सख्ख्या भावंडांच्या पेशींच्या खुणा पूर्ण जुळण्याचा संभव चारात एक. माझ्या आणि दादाच्या त्या तंतोतंत जुळल्या. १९५४ साली बॉस्टनला एका जुळ्या भावाने दुसऱ्याला मूत्रपिंड दिले आणि ते लागू पडले, तिथून ही वाट खुली झाली. आम्ही तर त्याच वाटेच्या तोंडाशी उभे होतो. पण तपासणीत माझ्याच रक्तात साखर निघाली, आणि डॉक्टरांनी माझे नाव खोडले. आई-वडिलांनी वाटणी करताना जे जुळवून दिले, ते वयाने उपयोगात येऊ दिले नाही. मी बाहेर येऊन व्हरांड्यात बसलो होतो. दादाने माझ्या खांद्यावर तो घुरघुरणारा हात ठेवला. "अरे, देणार होतास ना? मग जमेस धरलं," एवढेच म्हणाला.

यंदा लक्ष्मीपूजन नेमके दादाच्या पाळीच्या दिवशी आले. यंत्राला सण कळत नाही. पण माणसांना कळतो. परिचारिकांनी दाराशी चार बोटांची रांगोळी काढली होती. सहा खुर्च्या, सहा माणसे. कोणी हमाल, कोणी वकील, एक तर कॉलेजातला पोरगा. सगळ्यांचे रक्त एकाच वेळी बाहेर पडून, धुऊन, परत घरी चालले होते. नव्या वह्या पुजण्याच्या त्या मुहूर्तावर मी माझी वही उघडली. महिन्याचे आकडे लिहिले : पोटॅशियम ५.१, हिमोग्लोबिन १०.४, क्रिएटिनिन ८.२. वर चढलेले क्रिएटिनिन पाहून आनंद होणारा बहुधा मी एकटाच! मग समासात, जिथे आकडे लिहीत नाहीत तिथे, लिहिले : 'दादाने आज अर्धी करंजी मागून खाल्ली. पोरीच्या लग्नाची तारीख ठरली.'